खडेमीठ

घरासोबतच आलं ते, न मागता,
आधीच्या मालकिणीच्या पडद्यांसारखं.
पहिली चार वर्षं त्यात आम्ही
रव्या-पोह्याचे डबे ठेवले.
हेरंब म्हणायचा,
अख्ख्या रेडिंगमधलं सगळ्यात महाग फडताळ.

मग बसस्टॉपपाशी, बर्फावर,
माझं मनगट मोडलं.
शेजारची डोरीन बाह्या सरसावून आली,
डबे ओट्यावर रचले
आणि मला धडे दिले, नव्या सुनेला द्यावेत तसे:
सुऱ्या टोक खाली करून. नेहमी.
(बहिणीच्या तळहातावरची खूण
तिनं माझ्या तळहातावर बोटानं काढून दाखवली.)
गोळ्या वरच्या कपाटात,
पोरांना मेल्या खाऊसारख्या दिसतात.
थांबलं की लगेच दार उघडू नकोस,
वाफ तोंडावर येते.
आणि आपण झोपताना त्याला जागं ठेवायचं नाही.

शेवटी म्हणाली, याला मीठ लागतं.
मला हसू फुटलं.
तिला वाटलं, कळलं नाही;
पुन्हा सांगितलं, सावकाश, मोठ्यानं:
इथलं पाणी जड, किटलीत चुना धरतं,
तळाशी झाकण आहे, तिथे घालायचं.
खडेमीठ. खायचं नव्हे.

अकरा वर्षं घातलं.
लोखंडी कढई तेवढी दिली नाही,
आणि पितळी तांब्या.
बाकी सगळं निमूट घेतलं त्यानं,
करपलेली साय, पिठल्याचा खरवड,
पाहुण्यांच्या चोवीस वाट्या.
आतल्या जाळ्या पिवळ्या पडत गेल्या.
हळद लागली, हेरंब म्हणाला,
आता स्थळं बघायला हवीत.

ऑक्टोबरात एका रविवारी
रबर जळल्यासारखा वास आला.
दुपार होती, आम्ही जागे होतो.
मी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग प्लग ओढला.
त्याची एक पिन काळी पडलेली,
हातात घेतली तर कोमट.
पत्र सहा आठवड्यांपूर्वीच आलेलं होतं.
पिझ्झाच्या जाहिरातींखाली सापडलं:
या मॉडेलला आगीचा धोका आहे,
कृपया वापरू नये.
पत्रात माझं नावसुद्धा बरोबर लिहिलं होतं.

पाण्याचा कॉक बंद केला.
नळी सोडवून परातीत धरली,
तळातलं पाणी स्पंजनं टिपत बसले.
स्पंज पिळताना एक थेंब ओठावर उडाला.
खारट.

काउन्सिलच्या केंद्रात जागा मिळेपर्यंत
दोन रात्री ते बाहेर उभं होतं.
पलीकडचा रूबेन पाच वर्षांचा,
खोकं दिसलं की आत शिरून लपतो.
म्हणून आम्ही दार भिंतीकडे केलं
आणि वर नायलॉनची दोरी, तीन वेढे.
तरी रात्री दोनदा उठून मी खिडकीतून पाहिलं.

सकाळी व्हॅनवाला थांबला.
वीस पौंड देतो म्हणाला, चालत असेल तर.
हेरंब माझ्याकडे बघत राहिला.
चालतं, मी म्हटलं, म्हणूनच देत नाही.
आणि त्याच्यादेखत
पक्कडीनं प्लगची वायर कापली.
तो काहीतरी पुटपुटत गेला.

केंद्रावर पिवळ्या जाकिटातल्या मुलीनं
दोरी सोडली, आत डोकावली,
हा कसला रंग, म्हणून विचारलं.
हळद, मी म्हटलं.
तिनं मान डोलावली आणि हात केला:
तिकडे, फ्रिजच्या नाही, त्याच्या पुढच्या रांगेत.

स्वयंपाकघरात आता एक चौकोनी खड्डा आहे.
त्यात धूळ, एक चहाचा चमचा,
आणि अर्धी पिशवी मीठ.

जानेवारीत पायरीवर बर्फ धरला.
मी ती पिशवी उचलली
आणि फाटकापर्यंत मुठीमुठीनं पेरत गेले,
उजव्या हातानं, जो मोडला होता.
नऊ वाजता पोस्टमन आला,
पत्रं चाळत, खाली न बघता.
पायाखाली
खडे कुरकुरले.